दिघाशीच्या खळ्यावरचं लग्न

कागद तीन दिवस टेबलावर पडून आहे. पंख्याच्या वाऱ्याने उडतो म्हणून त्यावर चष्म्याचं घर ठेवलं आहे. खाली पंधरा-सोळा सह्या झाल्यात आणि सगळ्यांत वर माझ्यासाठी जागा सोडली आहे, कारण तालुक्यात पक्षाचं काम केलेल्यांपैकी माझ्याहून जुनं आता फारसं कुणी उरलेलं नाही. मजकूर माझ्याच एका विद्यार्थ्याने लिहिला आहे. त्याची वळ गावाला गोदामं आहेत. शाळेत तो निबंधात कच्चा होता, पण हे त्याने नेटकं लिहिलंय. ‘आमच्या तालुक्याच्या मातीत असा प्रकार पूर्वी कधीही घडलेला नाही, हे आम्ही जुनी माणसे जबाबदारीने सांगतो.’ रविवारच्या बैठकीत मी हा कागद उभं राहून वाचायचा आणि मग सर्वांसमोर सही करायची, असं ठरलं आहे. आज शुक्रवार. सकाळपासून मी चार वेळा टेबलाशी बसलो आणि चार वेळा उठलो. शेवटी बायको म्हणाली, “बसा तरी, नाहीतर बाजारात जाऊन कोथिंबीर तरी आणा.” मी कोथिंबीर आणली. कागद तिथेच होता.

प्रकरण आहे मृणालचं. मृणाल आमच्या पक्षाची नगरसेविका, वकील, वय चाळिशीच्या आत. एका कॉलेजातल्या कार्यक्रमात एका मुलाने तिला विचारलं की दोन पुरुषांना किंवा दोन बायकांना एकमेकांशी लग्न करायचं असेल तर तुमचं मत काय. तिला टाळता आलं असतं. राजकारणातली माणसं अशा वेळी पाण्याच्या प्रश्नाकडे वळतात. ती म्हणाली, “करू द्यावं. कायद्याने करू द्यावं. मी त्यांच्या बाजूने आहे.” एवढाच तुकडा कुणीतरी मोबाइलवर घेतला आणि संध्याकाळपर्यंत तो वडपे गावापासून खाडीपर्यंत सगळीकडे पोचला. दुसऱ्या दिवशी पक्षाने सांगितलं की हे तिचं वैयक्तिक मत आहे. तिसऱ्या दिवशी पुलाजवळच्या फलकावरून तिचा फोटो गेला. कॉलेजातली पोरं तिच्या बाजूने, गोदामपट्ट्यातले कार्यकर्ते विरोधात, आणि मधली माणसं निवडणूक जवळ आली म्हणून गप्प. हा कागद वर गेला की तिचं तिकीट कापायचं, एवढं सोपं आहे ते. करीम आला होता परवा चहाला. करीम माझा कॉलेजपासूनचा मित्र, त्याच्या घरी तीन पिढ्या कापडाचे लूम. म्हणाला, “सर, तुमची आळी आणि आमचा मोहल्ला, जिंदगीत पहिल्यांदा दोघांचं एकमत झालंय. मिठाई वाटा.” मग कागद वाचला, चष्मा काढला, माझ्याकडे बघितलं. त्यालाही माहीत आहे.

हे आत्मकथन लिहायला घेतलं तेव्हा कॉलेजची वर्षं मी दोन पानांत उरकली होती. आता ती दोन पानं फाडली आहेत.

आमचं घर तेव्हा आळीच्या टोकाला होतं आणि मागच्या भिंतीला लागून लूमचा कारखाना. भिंतीवर टांगलेलं कॅलेंडर दिवसरात्र थरथरायचं. आईची मिसळणाच्या मसाल्याची बरणी फळीवरून हळूहळू सरकत कडेला यायची आणि ती दर दोन-तीन दिवसांनी मागे ढकलायची, आमच्यापैकी कुणाला त्यात काही विशेष वाटायचं नाही. वीज गेली की मात्र सगळे दचकायचे. त्या शांततेत वडील पेपरातून डोकं वर काढून म्हणायचे, “काय झालं?” वडील नगरपालिकेत कारकून होते, कमी बोलणारे. आवाज चढवलेलं मी त्यांना कधी ऐकलं नाही. घरात मोठ्याने हसणारी एकच व्यक्ती होती, आणि ती फक्त शनिवारी यायची. माझी आत्या, सुमन.

आत्या दिघाशीजवळच्या एका पाड्यावर प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. शनिवारी दुपारच्या एसटीने यायची, रविवारी संध्याकाळी परत. तिच्या पिशवीतून पावसाळ्यात काकड्या निघायच्या आणि थंडीत वालाच्या सुक्या शेंगा, आणि त्या कुणी दिल्या हे आम्ही विचारायच्या आत ती सांगायची, “हिराने दिल्यात.” हिरा म्हणजे जिच्या घरात आत्या खोली घेऊन राहत होती ती. तिचं लग्न लहानपणी झालं आणि वर्षभरात नवरा गेला. बापाची थोडी भातजमीन होती, ती ती एकटी कसायची. आत्याच्या बोलण्यात दर तिसऱ्या वाक्यात हिरा असायची. हिरा म्हणते पाऊस लांबणार, हिराने साप मारला नाही, काठीने उचलून बांधावर सोडला. आई वाल मोड काढायला भिजत घालायची आणि सोमवारी सकाळी घरात बिरड्याचा वास सुटायचा तेव्हा आत्या गेलेली असायची. आत्याचं लग्न का झालं नाही हे विचारलं की आई म्हणायची, पत्रिकेत मंगळ. पुढे मला कळलं की पत्रिका कधी काढलीच नव्हती.

भातझोडणी संपली त्या सुमारास एका शनिवारी ती आली आणि मला म्हणाली, “दिनू, उद्या सकाळी माझ्याबरोबर येतोस? एक काम आहे. घरातलं कुणीतरी हवंय.” मी तेव्हा विशीत होतो. वाटलं, काहीतरी सामान हलवायचं असेल. गेलो.

खळं नुकतं सारवलेलं होतं. भाताच्या पेंढ्याचा वास आणि शेणाचा वास एकत्र येत होता. खळ्याच्या मधोमध चार बांबूंवर डहाळ्या टाकून लहानसा मांडव घातला होता, एका कोपऱ्यात उंबराची फांदी पुरलेली, आणि खाली तांदळाच्या पिठाचा चौक काढलेला. चौकाशी एक म्हातारी बसली होती, पुढ्यात तांदळाने भरलेलं सूप. ती ठमाआजी, हिराची लांबची मावशी आणि त्या भागातली धवलारीण. आमच्या आळीत लग्न भटजी लावतो. गावांकडे आगऱ्या-कुणब्यांत भटजी असला तरी धवलारीण लागते. ती देवांना बोलावते, हळदीला, मांडवाला, नवरा-नवरीला गाण्यात घालते, आणि तिने धवले, म्हणजे ही लग्नातली गाणी, म्हटल्याशिवाय लग्न लागलं असं बाया मानत नाहीत. हे मला माहीत होतं. कोण कुणाशी लग्न करतंय, ते मात्र हिरा आणि आत्या चौकाच्या दोन बाजूंना येऊन बसल्या तेव्हाच कळलं. हिराच्या एरवी रिकाम्या असणाऱ्या हातांत हिरव्या बांगड्या होत्या. शेजारच्या दोन बाया आल्या होत्या, एकीने घारगे तळले होते. बाकी कुणी नव्हतं.

मी ठमाआजीजवळ वाकून हळूच विचारलं, आजी, असं चालतं का? तिने माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाली, “मना दोघींनी बोलावली, मी आली. धवला कुनाचा लागला, कुनाचा न्हाय, ते देव बघील.” आणि गायला लागली. आवाज चिरका, पण त्यात घाई कसली ती नव्हती. एकेका देवाला, एकेका डोंगराला, खाडीला, उंबराला ती नावाने हाक मारत होती. मग मध्येच थांबली. ही तिची पद्धत होती: दोन्हीकडचं एकेक माणूस तोंडाने बोलल्याशिवाय ती पुढे जायची नाही. “पोरीकरनं मी हाय,” ती म्हणाली. “बाईंकरनं कोन हाय?”

आत्याने माझ्याकडे बघितलं. एरवी हसरा असणारा तिचा चेहरा त्या वेळी इतका घाबरलेला होता की मी विचार न करता म्हणालो, “मी.”

“नाव बोल.”

“दिनकर.”

आणि तिने मला गाण्यात घातलं. *बाईंचे घरशी दिनकर आयला गो, मांडवाखाली उभा रायला गो.* पुढची ओळ त्या दोघींची होती. मग दोघींनी एकमेकींच्या कपाळाला हळद लावली. आत्या रडत होती, हिरा तिला हसत होती. तांदळाची भाकरी, बिरडं, जवळ्याची चटणी आणि गुळाचे घारगे असं जेवण झालं. मी सहा घारगे खाल्ले. मला तिथे काहीही वाईट वाटलं नाही, हे मी आज मुद्दाम लिहून ठेवतो. दुपार होती, गार वारा होता, माणसं खुशीत होती. एसटीपर्यंत सोडायला आत्या आली तेव्हा तिने ‘कुणाला सांगू नकोस’ असं म्हटलं नाही. ते सांगावं लागेल असं तिच्या मनातही आलं नसावं.

मी तेव्हा पक्षाच्या कार्यालयात जायचो. कापडाच्या ताग्यांच्या घड्या घालायच्या एका गाळ्यावर माडी होती, तिथे. नगरपालिकेची निवडणूक तोंडावर होती. आम्ही आठ-दहा पोरं बसून मतदारयादीवरून घरोघरच्या चिठ्ठ्या लिहायचो, नाव, घर नंबर, केंद्र. कंटाळवाणं काम, आणि कंटाळा घालवायला प्रत्येकाने काहीतरी सांगायचं. एके दुपारी माझी पाळी आली आणि सांगायला काही सुचेना. मग मी खिशातला रुमाल डोक्यावरून घेतला, हनुवटीखाली धरला आणि ठमाआजीच्या आवाजात गायला लागलो. पोरं हसून लोळली. करीम टेबलावर थापा मारत म्हणाला, “फिर से, फिर से.” मी पुन्हा गायलो. कुणाचं लग्न, हेही सांगितलं. आत्या आहे हे नाही सांगितलं, ‘एक मास्तरीण’ म्हटलं. पण तिथल्या निम्म्या पोरांना माझी आत्या माहीत होती.

जिन्यात आप्पा उभे होते. आप्पा म्हणजे आमच्या पक्षाचे इथले पुढारी, वकील, धोतर आणि काळा कोट घालणारे, तालुक्यात ज्यांच्या शब्दावर भांडणं मिटायची असे. त्यांनी मला बाहेर बोलावलं.

“होतास तू तिथे?”

“हो.”

“तिने तुझं नाव घेतलं?”

“हो, आप्पा.”

“मग ह्याची नक्कल करू नकोस. कधी कुणी विचारलंच तर एवढंच सांगायचं, की होतो.”

मी मान डोलावली. रुमाल अजून माझ्या हातात होता.

पण गोष्ट माडीवरून खाली उतरली होती. पाड्यावर हिराच्या हिरव्या बांगड्यांवरून कुजबुज सुरूच होती, की विधवा बाईने हे काय घातलंय. आता त्या कुजबुजीला शहरातून दुजोरा मिळाला. पाच-सहा पोरांना आईबापांनी शाळेतून काढलं. आमच्याच पक्षातले नाना, ज्यांना आप्पांची जागा हवी होती, त्यांनी अर्ज तयार केला की अशा शिक्षिकेला नोकरीवरून काढावं, आणि त्यावर पहिली सही आप्पांची पाहिजे. आप्पांनी सही नाकारली. तिथून पक्ष दुभंगला. आळीत, बाजारात, लूमच्या चहाच्या वेळेत एकच विषय. काही म्हणायचे आप्पा बाईची बाजू घेतात म्हणजे त्यांचंच काहीतरी असेल. काही म्हणायचे माणूस खरा आहे पण मतं घालवणार. बायका पाणी भरताना काय बोलायच्या ते माझी आई आम्हाला सांगायची नाही, फक्त घागर जरा जोरात ठेवायची. आत्याने शनिवारी येणं बंद केलं. शेंगा बंद झाल्या. बिरड्याचा वास बंद झाला. माझी खाण्यावरची वासना उडाली होती आणि तरी मी रोज जेवत होतो.

त्या अर्जावर पक्षाची बैठक ठरली. तिच्या आदल्या दिवशी सकाळी नाना आमच्या घरी आले. वडिलांपाशी बसले, चहा घेतला, बरणी कडेला आलेली बघून त्यांनी ती स्वतःच मागे सारली. धमकी दिली नाही. माझ्या धाकट्या बहिणीला कल्याणचं स्थळ आलं होतं, त्याची चौकशी केली. दिनू बीए झाला की आमच्या संस्थेच्या शाळेत जागा आहे, म्हणाले. आणि उठताना म्हणाले, “उद्या आप्पा तुला उभं करतील. तू काही तिथे नव्हतास ना?” ते गेल्यावर वडिलांनी पेपर उघडला. ते काहीतरी बोलतील म्हणून मी थांबलो. “तू काय बोलायचं ते तू बघ,” एवढंच म्हणाले. मी त्यांच्यावर ठपका ठेवत नाही. मला नको म्हणायला कुणीच नव्हतं, आणि हो म्हणायलाही कुणी लावलं नाही.

बैठक एका मंगल कार्यालयात होती. आदल्या दिवशीच्या लग्नाचा मंडप अजून उतरवला नव्हता, झेंडूच्या माळा तशाच होत्या. नाना खूप बोलले, संस्कृतीवर, शाळेवर, लहान मुलांवर. मग आप्पा उभे राहिले. म्हणाले, “कायद्याने हे लग्न नाही. लग्न नसेल तर गुन्हा कशाचा? आणि लग्न असेल, तर तुमचा-माझा आहेर द्यायचा राहिलाय.” पोरं हसली, मागच्या ओळीत टाळ्याही पडल्या. क्षणभर वाटलं, जिंकले. मग कुणीतरी ओरडून विचारलं, तिथे काय काय चाळे झाले ते तुम्हाला काय माहीत? आप्पा म्हणाले, “मला माहीत नाही. ज्याला माहीत आहे तो इथे बसलाय. दिनू, ऊठ. तू होतास. तिथे काही वाईट झालं का, सांग सगळ्यांना.”

मी उठलो. समोर नाना मान खाली घालून बसले होते, जणू त्यांचा काही संबंध नाही. मला घारगे आठवले, खरंच, त्या वेळी मला घारगे आठवले.

“मी नव्हतो,” मी म्हणालो. “मी ऐकीव सांगत होतो.”

इथेच थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण सभागृहात जी शांतता झाली ती मला सोसवेना, लूम बंद पडल्यासारखी. ती भरून काढायला मी पुढे बोललो. कुणी विचारलं नव्हतं. म्हणालो, “ती धवलारीण म्हातारी लोकांना गंडवते. तिने माझ्या आत्याला फसवलं असेल.”

आप्पांनी माझ्याकडे बघितलं आणि खाली बसले. ती निवडणूक ते हरले. पुन्हा माडीवर आले नाहीत, कोर्टातच दिसायचे. एकदा बाजारात भेटले तेव्हा नोकरी लागली का विचारलं, मी हो म्हणालो, ते बरं म्हणाले. मला खरंच लागली होती, नानांच्या शाळेत. बहिणीचं कल्याणला जमलं. आत्याची बदली थेट जव्हारकडे झाली. आणि ठमाआजीला लग्नांची बोलावणी यायची थांबली. सगळ्यांसमोर शिकलेल्या मुलाने सांगितलं होतं की ती गंडवते. पंचक्रोशीत दुसरी धवलारीण नव्हती. लोकांनी मग लाऊडस्पीकर आणले.

एका बाजारच्या दिवशी ती आमच्या दाराशी आली. डोक्यावर टोपली. मी ओटीवर होतो, आत पळता आलं नाही. आईने चहा विचारला, तिने नको म्हटलं. दोन काकड्या काढून पायरीवर ठेवल्या. मला वाटलं आता शिव्या देईल, मी तयार होतो. ती म्हणाली, “नाव तू दिलास. मी गायली. आता गायलेला मागारी कसा घेऊ?” ती टोमणा मारत नव्हती. तिला खरोखर कळत नव्हतं की अशा वेळी काय करतात. उत्तराची वाट बघत ती जरा उभी राहिली आणि मग गेली. आईने त्या काकड्यांची कोशिंबीर केली. मी ती खाल्ली.

आत्या निवृत्त झाल्यावर पुन्हा हिराकडे राहायला गेली आणि शेवटपर्यंत तिथेच राहिली, तेरा वर्षं. आम्ही लोकांना सांगायचो, तिला गावची हवा मानवते. मी एकदाही गेलो नाही. ती वारल्यावर गेलो. हिरा पडवीत बसली होती, हातात बांगड्या होत्या, हिरव्याच. म्हणाली, “बरा झाला आलांत. त्यांच्याकरनं कुनीतरी पायजे होता.” मी तिच्यापुढे वाकलो आणि परत निघालो. वर्षभरात तीही गेली. ठमाआजी, आप्पा, नाना, आई-वडील, कुणीच उरलेलं नाही. ज्यांना खरं सांगायचं त्यांतलं कुणी नाही, आणि एक कागद आहे ज्यात लिहिलंय की असं कधी घडलंच नाही.

इथवरचं शुक्रवारी लिहिलं होतं. आज मंगळवार.

रविवारी दुपारी मी कागद खिशात घालून गेलो. करीम पहिल्या रांगेत होता. मृणाल कडेच्या खुर्चीवर, हातात फोन, पण फोनकडे बघत नव्हती. विद्यार्थ्याने माझा हात धरून मला माइकपाशी नेलं, “आमचे सर” म्हणून ओळख करून दिली. मी वाचायला सुरुवात केली. त्या वाक्याशी आलो आणि थांबलो. लोकांना वाटलं अक्षर दिसत नाही, कुणीतरी दिवा लावला.

“हे खरं नाही,” मी म्हणालो. “घडलं होतं. दिघाशीला, खळ्यावर, धवले म्हणून लग्न लागलं होतं. दोघी बायका होत्या.”

कुजबुज झाली. विद्यार्थी हुशार आहे, आणि त्याला माझी काळजीही आहे. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, पण माइक चालू होता, सगळ्यांना ऐकू गेलं: “सर, ऐकीव असेल.”

मी माइकची दांडी धरली. “ऐकीव नाही. मी होतो तिथे. ती माझी आत्या, सुमन. दुसरी हिरा. ह्या शहरात एकदा मला सगळ्यांसमोर विचारलं होतं, तेव्हा मी नव्हतो म्हणालो. एक पुढारी माझ्या शब्दावर उभा होता, तो पडला. आणि ज्या धवलारणीला मी लबाड म्हटलं, ती लबाड नव्हती. तिने गाण्यात माझं नाव घेतलं होतं.”

मागून एक तरुण म्हणाला, “काय गाणं, सर? म्हणून दाखवा.” थट्टा होती की खरं विचारत होता, मला कळलं नाही. काहीजण हसले. करीमने मागे वळून त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघत म्हणाला, “म्हण, दिनू. उस दिन मैं हँसा था.”

मी म्हटली ती ओळ. पंचाहत्तरीचा फाटका आवाज, सूर कुठला असणार. रुमाल खिशातच होता. *बाईंचे घरशी दिनकर आयला गो, मांडवाखाली उभा रायला गो.* कुणी हसलं असेल तर मला ऐकू आलं नाही. मग मी थांबलो. लोकांना वाटलं भरून आलं. तसं नव्हतं.

कागद माझ्या सहीशिवाय वर गेला आहे. मृणालचं तिकीट राहील की जाईल हे अजून कुणालाच माहीत नाही. जाताना तिने मला विचारलं, “सर, पुढे काय होतं गाण्यात?” काल दिवसभर आणि आज सकाळपासून मी तेच आठवतोय, फेऱ्या मारतोय, बायको ओरडतेय. पुढची ओळ आत्या आणि हिराची होती, दोघींची नावं एकत्र घेतलेली. ती मला येत नाही. माडीवर पोरांना हसवताना मी फक्त माझ्याच नावाची ओळ म्हटली होती.